चारच्या पुढचा आकडा

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शरीराचा हा भाग सिस्टरनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. घरी कोणी वाचला नाही, हे सांगायला नको. पण मित्रहो, आपले वडील आता पन्नाशीला आले, म्हणून हा लेख.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यातून जाते. वयाबरोबर ती बहुतेकांची वाढते, धार बारीक होते, रात्री तीनदा उठावं लागतं. हा कॅन्सर नव्हे. कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही, घोळ तिथेच आहे.

म्हणून रक्तातलं पीएसए नावाचं प्रथिन मोजतात. मिलिलीटरला 4 नॅनोग्रॅमच्या पुढे गेलं की बऱ्याच लॅब आकडा ठळक छापतात. पण इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, हा सेन्सर प्रोस्टेटचा आहे, कॅन्सरचा नाही! ग्रंथी वाढली, जंतुसंसर्ग झाला तरी रीडिंग चढतं. 4 ते 10 मध्ये आकडा आलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच कॅन्सर निघतो.

माझ्या आजोबांचा 7.2 आला. काकांनी रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला, आजीला दाखवलाच नाही. डॉक्टरांनी टेस्ट पुन्हा करायला लावली, मग एमआरआय, मग सुईने तुकडे काढून बायोप्सी. त्यात निघालं: ग्लीसन स्कोअर 3+3=6. दहापैकी सहा म्हणजे अर्ध्याच्या पुढे गेलं, असं काका म्हणाले. पण बायोप्सीत ही पट्टी आज सहापासूनच सुरू होते! सहा म्हणजे सर्वांत सौम्य. (अशी पट्टी आपल्या सबमिशनला वापरली असती तर!)

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. आजोबा चिडले, "कॅन्सर आहे आणि औषध नाही?" प्रश्न रास्त होता. ब्रिटनमध्ये रोग प्रोस्टेटपुरताच असलेल्या 1643 पुरुषांवर हेच तपासलं गेलं: काहींना ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर देखरेख. 2023 मध्ये 15 वर्षांचा निकाल आला. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले सुमारे 3 टक्केच. देखरेखीच्या गटात रोग जास्त जणांत पसरला आणि निम्म्याहून अधिकांना पुढे उपचार घ्यावेच लागले, हेही खरं. पण ऑपरेशननंतर लघवी गळणं, लैंगिक अडचणी येतात, त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. आजोबांनी देखरेख निवडली. ठरावीक महिन्यांनी पीएसए, मधूनच एमआरआय, लागली तर पुन्हा बायोप्सी.

स्कोअर 8 ते 10 असेल तर ही चैन नाही. तिथे ऑपरेशन किंवा रेडिएशन लागतंच. रोग हाडांत पोचला असेल तर पाया हार्मोनचा. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं की हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. 1966 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आजही तो हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं देतात, जोडीला नव्या गोळ्या किंवा केमो. रोग मुळापासून जात नाही, पण पुष्कळदा वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो. अशा पेशंटला पाठदुखीबरोबर पायांत एकदम बळ वाटेनासं झालं तर मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.