अंगठ्यापलीकडची चर्चा

महाराष्ट्रात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही ओळख रूढ झाली त्याला दहा वर्षं होऊन गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मी या काळात अशा शिक्षकांच्या अनेक ग्रुपमध्ये राहिलो, काहींचा ॲडमिनही झालो. काही ग्रुप सुप्रभात आणि वाढदिवसांत बुडाले. काहींनी मात्र आमचं शिकवणं बदललं. बहुतेक माणसं दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो वादानं. मुलांच्या शिकण्यावरून जिथे नेमके, नेटाचे वाद झाले, तिथेच माणसं एकमेकांना धरून राहिली. त्यातून जे उमगलं ते नव्यानं ग्रुप काढणाऱ्यांसाठी मांडतो.

१. माणसं अडचणीमुळे जोडली जातात

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्याच वर्षी ‘सरल’ पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरायचं काम अंगावर आलं. दिवसा सर्व्हर हलायचा नाही, म्हणून गुरुजी मंडळी मध्यरात्री नाहीतर पहाटे बसायची. ‘कुणाचं लॉगिन होतंय का?’ हा त्या दिवसांतला हमखास मेसेज. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये तेव्हा १०० जणच मावत. २०१६ मध्ये ती मर्यादा २५६ झाली आणि तालुक्याचे ग्रुप बघता बघता राज्याचे झाले. लातूरचे सर नंदुरबारच्या मॅडमना फोनवरून एक्सेलची फाइल भरायला शिकवायचे. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसायचं.

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा किंवा साताऱ्याच्या कुमठे बीटमधलं ज्ञानरचनावादी शिकवणं, यांची माहितीही पुढे याच वाटेनं आमच्यापर्यंत आली. रात्री अडलेलं काम कुणीतरी सोडवून दिलेलं असलं की त्याच्या सूचनेकडे आणि टीकेकडे माणूस कान देतो. म्हणून ग्रुप काढताना ध्येयधोरणं लिहीत बसू नये. ‘कुणाचं काय अडलंय?’ एवढं विचारावं.

२. ‘आमच्याकडे चाललं’ एवढ्यावर थांबू नये

एकदा एका मॅडमनी पहिलीच्या वर्गाचा व्हिडिओ टाकला. टीव्हीवर कविता लागली आहे, मुलं डोलत सुरात म्हणताहेत. खाली अंगठे आणि टाळ्यांची रांग लागली. तेवढ्यात धुळ्याच्या एका सरांनी विचारलं, ‘बाकीची ओळ झाकून मधलाच एक शब्द दाखवला, तर मुलं वाचतात का?’

ग्रुप गार पडला. दोघातिघांना राग आला. मॅडमनी मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात करून पाहिलं आणि सरळ लिहून टाकलं, की बहुतेक मुलं ओळ पहिल्यापासून मनात गुणगुणत त्या शब्दापर्यंत येतात. शब्द म्हणून तो थोड्यांनाच वाचता येतो. चर्चेला खरा रंग चढला तो इथून. कुणी आवाज बंद करून तीच चित्रफीत दाखवली. कुणी ओळींच्या पट्ट्या कापून मुलांना क्रम लावायला दिला. गडचिरोलीच्या एका ताईंनी उलट बाजू घेतली. त्यांचं म्हणणं होतं, की घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला मराठीचा ताल आधी कानानंच मिळतो. तो मिळू द्या, वाचनाची घाई कशाला? हे कुणाला खोडता आलं नाही. वाद मिटला नाही, पण त्यानंतर आमच्यापैकी पुष्कळांनी कवितेचा तास वेगळ्या रीतीनं घ्यायला सुरुवात केली.

तेव्हापासून आमच्याकडे उपक्रम टाकताना चार गोष्टी लिहायची पद्धत पडली: इयत्ता कोणती, हजर मुलं किती, किती दिवस केलं, आणि आधी मुलांना काय येत होतं. एवढं लिहिलं की दुसऱ्याला आपल्या वर्गात तेच करून बघता येतं आणि मतभेदाला धरायला काहीतरी मिळतं.

३. आपल्या क्षेत्रातले जुने वाद ठाऊक असावेत

टॅब आले, इंटरॲक्टिव्ह बोर्ड आले, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. दर वेळी ग्रुपवर तेच दोन पक्ष पडतात. हा वाद आपल्यापासून सुरू झालेला नाही, हे कळलं की आवाज जरा खाली येतो.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड क्लार्क यांनी मांडलं, की माध्यम हे नुसतं वाहन आहे. किराणा पोचवणाऱ्या ट्रकमुळे जेवणाचा कस वाढत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं वाढत नाही. १९९१ मध्ये रॉबर्ट कोझ्मा यांनी उत्तर दिलं, की प्रत्येक माध्यमाची अशी काही ताकद असते जी शिकणाऱ्याच्या विचाराला हातभार लावते. प्रश्न ती वापरून घेण्याचा आहे. आमच्या ग्रुपवर टीव्हीवरून जे झालं ते याहून फार निराळं नव्हतं.

आपल्या जवळची उदाहरणंही आहेत. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला आणि शिक्षकाशिवाय मुलं काय शिकतात ते पाहिलं. असा संगणक सिंधुदुर्गातल्या शिरगावलाही आला. २०१३ मध्ये मित्रांना टेड पुरस्कार मिळाला. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांपैकी एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होती. दुसऱ्या बाजूला पायल अरोरा या अभ्यासक उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबागला गेल्या, तेव्हा तिथली भिंतीतल्या संगणकांची केंद्रं बंद पडलेली होती. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या लहानशा शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतले लॅपटॉप आले होते. याच योजनेत लाखो लॅपटॉप वाटणाऱ्या पेरू देशातला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही.

दोन्ही पक्षांनी ही सगळी उदाहरणं सोबत ठेवावीत. एकाच बाजूची वाचली की माणूस भक्त होतो नाहीतर कुत्सित.

४. तिसऱ्या उत्तरानंतर फोन लावावा

लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. ‘असं कसं म्हणता?’ हे कुतूहल आहे की टोमणा, ते वाचणारा ठरवतो. त्यात सेवाज्येष्ठता आडवी येते, जुन्या पेन्शनवरून किंवा बदल्यांच्या संवर्गावरून मनात राहिलेली अढी येते. मग मुद्दा असतो भागाकाराचा आणि हिशेब चुकता होतो भलताच.

यावर आमचा साधा नियम आहे. दोघांत तीन उत्तरं झाली आणि सूर चढला, की दोघांनी फोनवर बोलायचं आणि काय ठरलं ते ग्रुपवर लिहायचं. पटलं नाही तर ‘आमचं पटलेलं नाही’ एवढंही चालतं. ‘तुम्ही’ने सुरू होणारं वाक्य टाळून ‘या पाठात’ने सुरू केलं, तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

५. साहेब असलेला ग्रुप वेगळा ठेवावा

केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी ग्रुपमध्ये आले, की सगळी चर्चा ‘नमस्कार सर, स्तुत्य उपक्रम’ या एका वाक्यावर येते. साहेब वाईट असतात म्हणून हे होत नाही. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे त्याच्यासमोर ‘माझ्या वर्गात हे जमत नाही’ असं कुणी लिहीत नाही, एवढंच. परिपत्रकं आणि तातडीच्या माहितीसाठी एक ग्रुप असावा, त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता यावं. २०१८ पासून ती सोय आहे. चर्चेच्या ग्रुपला ती सोय चुकूनही लावू नये.

६. न बोलणाऱ्यांपर्यंत जाणं हे ॲडमिनचं काम

कुठल्याही ग्रुपमध्ये लिहिणारे मूठभर आणि वाचणारे फार. गप्प असलेल्यांना ‘निष्क्रिय’ म्हणून काढून टाकायची एक लाट मध्यंतरी आली होती. तसं करू नये. शिक्षिकांचा अनुभव विचारून बघा. पुरुष मंडळींची चर्चा रात्री साडेआठला रंगते, तेव्हा त्या स्वयंपाकघरात असतात. मोकळ्या होईपर्यंत शंभर मेसेज वर गेलेले असतात. आम्ही महत्त्वाचा प्रश्न दोन दिवस खुला ठेवू लागलो आणि उत्तरं बोलून पाठवली तरी चालतील म्हणून सांगितलं, तर न ऐकलेले आवाज ऐकू आले.

रेंज नसलेल्या पाड्यावरच्या शिक्षकांना तर ग्रुप तालुक्याला आल्यावरच दिसतो. ते मेमरी कार्डावर नाहीतर शेअरइटवरून साहित्य नेत. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात शेअरइट गेलं आणि आम्हा सगळ्यांचं लाडकं कॅमस्कॅनरही. पर्याय सापडले, पण कोण कशावर अवलंबून होतं हे तेव्हा कळलं.

७. ‘इथे तंत्रज्ञान नको’ म्हणायची मुभा हवी

२०२० च्या जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत आणि रोज अभ्यासाच्या लिंक येऊ लागल्या. २०१७ पासून असलेलं दीक्षा ॲप घरोघर पोचवायची घाई झाली. त्या वेळचा सगळ्यात तिखट वाद आमच्या ग्रुपवर झाला. एकीकडे ऑनलाइन तास जोमानं घेणारे शिक्षक, दुसरीकडे ‘माझ्या वाडीत साधा फोनही धड नाही, लिंक कुणाला पाठवू?’ विचारणारे. पहिल्यांदा या दुसऱ्यांना कामचुकार ठरवण्यात आलं. पण तेच झाडाखाली, ओट्यावर, दोन-तीन मुलांना घेऊन शिकवत होते. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर कर्ण्यावरून पाठ ऐकवले गेले. कर्णाही तंत्रज्ञानच की, असं कुणीतरी लिहिलं आणि तिथे दोन्ही बाजू थोड्या सैल झाल्या.

तंत्रस्नेही माणसांच्या घोळक्यात यंत्राविरुद्ध बोलणारा शत्रू वाटतो. त्याचं ऐकून घेणारा ग्रुप शहाणा होतो, हे त्या वर्षानं पक्कं केलं.

८. विकायला आलेल्यानं प्रश्नांना तोंड द्यावं

मोठे ग्रुप झाले की पॅनेल, टॅब, ‘ई-लर्निंग किट’ विकणारे आत शिरतात. त्यांना हाकलायची गरज नाही. फक्त सगळ्यांसमोर विचारावं. नेट नसताना चालतं का? बिघडलं तर दुरुस्तीला किती दिवसांत येणार? मजकूर चालू पाठ्यपुस्तकाचा आहे का? विजेचं बिल थकून मीटर कापलेल्या शाळेत काय करायचं? गावानं लोकवर्गणीतून, कष्टाच्या पैशातून दिलेली रक्कम आपल्या हातात असते. ज्याच्याकडे उत्तरं नसतात, तो आपणहून ‘लेफ्ट’ होतो.

९. नाव पुसू नये आणि लिहिलेलं सापडावं

रात्र जागून केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या जिल्ह्यातून दुसऱ्याच नावानं परत आली, की करणारा पुन्हा काही टाकत नाही. ग्रुप मरतात ते असे. ज्याचं साहित्य त्याचं नाव, बदल केला तर तोही सांगायचा.

दुसरं, चर्चा वाहून जाते. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली फाइल फोनवर शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. म्हणून युनिकोडचा आग्रह धरावा. फाइलच्या नावात इयत्ता, विषय, घटक असावा. महिन्याच्या शेवटी एकानं त्या महिन्यातला एक चांगला वाद पानभरात लिहून ठेवावा, दोन्ही बाजूंसह. हे काम पाळीपाळीनं घेतलं की कुणाला जड जात नाही.

१०. शेवटी मुलांना बोलू द्यावं

शिक्षकांची ओळख वर्गांपर्यंत गेली तर तिचं सोनं होतं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी आपल्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून जगभरच्या वर्गांशी जोडलं. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटायचं जाहीर केलं. आम्ही एवढ्या लांब गेलो नाही. आमच्या ग्रुपनं कोकणातला एक वर्ग आणि चंद्रपूरचा एक वर्ग जोडला. चंद्रपूरच्या मुलांनी विचारलं, ‘ओहोटीला तुमच्या होड्या कुठे उभ्या असतात?’ कोकणातल्यांना कोळशाची खाण आणि मे महिन्यातलं ऊन जाणून घ्यायचं होतं. दोन्हीकडचे शिक्षक मध्ये पडले नाहीत, म्हणूनच तो तास जमला.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या ग्रुपचे शेवटचे वीस मेसेज वाचा. त्यात एखाद्या तरी मुलाच्या शिकण्याविषयी प्रश्न आहे का, आणि त्यावर कुणी सकारण ‘मला पटत नाही’ म्हटलं आहे का, ते बघा. दोन्ही सापडलं तर ग्रुप जपा. नसेल, तर उद्या वर्गात जे अडेल ते लिहून तुम्हीच सुरुवात करा.