गाऱ्हाण्यापासून स्वातंत्र्यापर्यंत
(वरच्या वर्गांसाठी इतिहासाचे पाठविवेचन)

‘लोक परकी सत्तेविरुद्ध उठले’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात वारंवार येते. मुलांना सन पाठ असतो; लोक का उठले, हे मात्र सांगता येत नाही. कार्यकारणभाव समजणे हाच या पाठाचा हेतू होय.

प्रस्तावना : विंचूर हे पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचे गाव. त्यावरूनच घराण्यास विंचूरकर हे नाव पडले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पण ही जहागीर इंग्रजी अमलातही टिकली. राज्य बदलल्यावर कोणाचे काय राहिले व कोणाचे काय गेले, असा प्रश्न प्रथम विचारावा.

विवेचन : निफाडला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथील भागोजी नाईक हा भिल्ल पुढारी पूर्वी इंग्रजांच्याच पोलिसांत अधिकारी होता. १८५५ मध्ये दंगा व पोलिसांस अडथळा या आरोपांवरून त्यास शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. पुढे सरसकट हत्यारे काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्याने गाव सोडले व सुमारे पन्नास माणसे जमविली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार झाला. दोन वर्षे झुंज देऊन १८५९ मध्ये भागोजी लढताना पडला. जो कालपर्यंत सरकारचा चाकर होता तोच शत्रू का झाला, याचा शोध मुलांकडूनच घ्यावा.

तुलना : अमेरिकेतील इंग्रज वसाहतवालेही आरंभी राजनिष्ठच होते. फ्रेंचांशी झालेले युद्ध १७६३ मध्ये संपल्यावर इंग्लंडने त्यांच्यावर कर लादले. १७६५ चा मुद्रांक कायदा त्यांतलाच. कर ठरविणाऱ्या पार्लमेंटात त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. १७७३ मध्ये बोस्टन बंदरात त्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. पुढे पेशवाई बुडविणारी तीच ही कंपनी. लढाई सुरू झाल्यावरही १७७५ मध्ये त्यांनी राजाकडे सलोख्याचा अर्ज धाडला. राजाने तो स्वीकारला नाही. ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले व १७८३ च्या तहाने ते मान्य झाले.

येथे एक भेद अवश्य सांगावा. अमेरिकेतील वसाहतवाले राज्यकर्त्यांच्याच जातकुळीचे होते, आणि त्यांच्या स्वातंत्र्यात गुलामांना व मूळ रहिवाशांना वाटा नव्हता. भागोजी मात्र याच भूमीचा पुत्र होता.

निष्कर्ष : दोन्हीकडे दाद मिळण्याची वाट खुंटली, तेव्हा निष्ठा तुटली. मग फळ निराळे का? तेरा वसाहतींची गाऱ्हाणी एकत्र आली व त्यांना फ्रान्सचे साहाय्य मिळाले; भागोजीचा लढा थोड्या मुलखापुरता राहिला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गावोगावची माणसे एकाच मागणीसाठी उभी राहिली, यावरून एकजुटीचे मोल स्पष्ट करावे.

प्रश्न : १) भागोजी सरकारविरुद्ध का गेला? २) आपले म्हणणे ऐकण्याची सोय असती, तर वसाहतवाल्यांनी काय केले असते? ३) आज गावचे गाऱ्हाणे ग्रामसभेत कसे मांडता येते?

तिसऱ्या प्रश्नाला पुरेसा वेळ द्यावा. गाऱ्हाणे मांडण्याची जागा ही स्वातंत्र्याने दिलेली ठेव आहे, हे मुलांना तेथेच उमगते.