हातातील फोनवर संदेश आणि ई-मेल कसे पोचतात?



पाऊस, वीज, बाजारभाव किंवा रोग-किडीची माहिती वेळेवर मिळाली तरच तिचा उपयोग होतो. फवारणी आटोपल्यावर हाती आलेल्या पावसाच्या इशाऱ्याने औषधाचे पैसे परत येत नाहीत. आज अशी बहुतेक माहिती आपल्या खिशातील फोनवर येते. समोरच्याने संदेश पाठविला म्हणजे तो आपल्याला मिळालाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात संदेशाला चार-पाच टप्पे पार करावे लागतात आणि त्यांपैकी कोठेही तो अडकू शकतो. म्हणून हे टप्पे समजून घेणे फायद्याचे ठरते.

१) फोन आणि टॉवर

मोबाईल फोन म्हणजे बोलणारे व ऐकणारे एक लहान रेडिओ यंत्र होय. कंपनी सर्व प्रदेशाचे लहान लहान भाग पाडते. या भागाला 'सेल' म्हणतात. प्रत्येक सेलसाठी एक टॉवर असतो. आपला फोन चालू असताना तो अधूनमधून 'मी या भागात आहे' असे टॉवरला कळवितो आणि त्याची नोंद कंपनीच्या संगणकात होते. त्यामुळे आपण शेतात असा की बाजार समितीत, संदेश आपला माग काढत तेथे येतो.

टूजी पद्धतीत एका टॉवरचा पल्ला जास्तीत जास्त सुमारे ३५ किलोमीटर असतो. परंतु डोंगर, दाट झाडी आणि पक्की घरे यांमुळे तो प्रत्यक्षात पुष्कळ कमी होतो. रेंज कमी असेल तेव्हा फोन आपली शक्ती वाढवून टॉवरला गाठण्याचा प्रयत्न करतो. म्हणूनच घाटाच्या पायथ्याच्या शेतात, कोणाशी न बोलताही, बॅटरी लवकर उतरते. फोन मातीच्या जाड भिंतीआड किंवा लोखंडी पेटीत ठेवण्यापेक्षा उघड्या, उंच जागी ठेवल्यास रेंज सुधारते व बॅटरीही वाचते.

लक्षात घ्या, फोन आणि टॉवर यांच्यामधला भाग बिनतारी आहे. टॉवरलाही वीज लागते. वीज गेल्यावर तो काही काळ बॅटरी किंवा जनित्रावर चालतो आणि नंतर बंद पडतो. वादळात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, असे होण्याची शक्यता अधिक असते.

२) एसएमएस : साठवा आणि पुढे पाठवा

जगातील पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविला गेला. हा लघुसंदेश थेट आपल्या फोनवर येत नाही. तो प्रथम कंपनीच्या संदेश केंद्रात जमा होतो. केंद्र आपला फोन कोणत्या भागात आहे ते पाहते आणि मग संदेश पाठविते. फोन बंद असल्यास किंवा रेंज नसल्यास संदेश केंद्रात राखून ठेवला जातो. फोन पुन्हा जोडला गेला की तो येतो. ठराविक मुदतीत फोन सापडला नाही तर तो रद्द होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, एसएमएससाठी इंटरनेट लागत नाही. त्यामुळे जेथे इंटरनेट चालत नाही तेथेही तो बऱ्याचदा पोचतो. दुसरी, हाती आलेला संदेश ताजा असेलच असे नाही. 'उद्या पाऊस' असे वाचल्यावर तो संदेश कोणत्या तारखेचा आहे हे आधी पाहावे.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट एवढी माहिती मावते. इंग्रजीत त्यात १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीत ७० जागा मिळतात. येथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त यांची प्रत्येकी एक जागा मोजली जाते. उदा. 'उद्या' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण पाच जागा घेतो. 'उद्या दुपारनंतर वादळी पाऊस, फवारणी करू नका.' ही सूचना ४३ जागा घेते. म्हणजे तिच्या पुढे फक्त २७ जागा उरतात.

यापेक्षा मोठा संदेश तुकडे करून पाठविला जातो आणि फोन ते तुकडे जोडतो. साध्या जुन्या फोनवर हे तुकडे वेगवेगळे किंवा मागेपुढेही दिसू शकतात. औषधाचे प्रमाण असलेल्या संदेशात हा धोका मोठा आहे. '२० ग्रॅम' एका तुकड्यात आणि 'प्रति १० लिटर पाणी' दुसऱ्या तुकड्यात असेल, तर अर्धवट वाचून दहापट मात्रा पडू शकते. संपूर्ण संदेश वाचल्याशिवाय व डब्यावरील लेबलाशी ताडून पाहिल्याशिवाय औषध मोजू नये.

३) ई-मेल : पेटीतले पत्र

ई-मेलची रीत निराळी आहे. पाठविणाऱ्याचे पत्र आपल्या फोनवर नव्हे, तर सर्व्हर नावाच्या संगणकावरील आपल्या पत्रपेटीत जमा होते. फोन बंद असला तरी पत्र तेथे सुरक्षित राहते. त्यामुळे येथे पत्र हरवण्यापेक्षा उशिरा कळण्याचा धोका जास्त असतो.

पत्र फोनवर येण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत फोन ठराविक वेळाने, उदा. दर अर्ध्या तासाने, सर्व्हरला 'काही आले का?' असे विचारतो. सोसायटीत खत आले का हे पाहण्यासाठी आपण रोज हेलपाटा घालावा तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक हेलपाट्याला बॅटरी खर्च होते. दुसऱ्या पद्धतीत पत्र येताच सर्व्हरच फोनला हाक मारतो. हिला 'पुश' पद्धत म्हणतात.

पुश पद्धत लोकप्रिय करण्याचे श्रेय ब्लॅकबेरी या उपकरणाला जाते. कॅनडातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ मध्ये ब्लॅकबेरी ८५० हे तळहाताएवढे यंत्र बाजारात आणले. ते एका साध्या पेन्सिल सेलवर चालत असे. कार्यालयातील एक संगणक पत्रपेटीवर लक्ष ठेवी. पत्र आले की त्याचा आकार लहान करून व ते सांकेतिक रूपात बदलून कंपनीच्या मध्यवर्ती केंद्राकडे पाठविले जाई आणि तेथून ते बिनतारी जाळ्यामार्फत यंत्रावर पोचे. मोठ्या पत्राचा सुरुवातीचा भाग आधी येई, उरलेला मागितल्यावर येई. त्यामुळे थोड्या बॅटरीत आणि थोड्या डेटात काम भागत असे.

मात्र सर्व पत्रे एकाच मध्यवर्ती व्यवस्थेतून जात असल्याने तिच्यात बिघाड झाला की सगळ्यांचेच काम थांबे. ऑक्टोबर २०११ मध्ये असा बिघाड होऊन भारतासह अनेक देशांतील सेवा काही दिवस विस्कळीत झाली होती. पुढे टचस्क्रीनचे फोन आले आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनची सेवा बंद झाली. पुश पद्धत मात्र आजच्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. महत्त्वाच्या माहितीसाठी एकाच वाटेवर विसंबू नये, हा धडाही कायम आहे.

४) सर्वांना एकदम इशारा

'सेल ब्रॉडकास्ट' या तिसऱ्या पद्धतीत टॉवर आपल्या भागातील सर्व फोनना एकाच वेळी संदेश देतो. त्यासाठी आपला क्रमांक नोंदविलेला असण्याची गरज नसते. भारतात २०२३ मध्ये याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अनेकांचे फोन मोठ्या आवाजात वाजले होते. फोनमधील आपत्कालीन इशाऱ्याची सोय बंद करू नये.

५) शेतीसाठी उपयोग

हवामान सल्ला : कृषि विद्यापीठे व भारत हवामानशास्त्र विभाग यांच्यामार्फत दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषि हवामान सल्ला दिला जातो. 'मेघदूत' या ॲपवर तो मराठीत वाचता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते. ही दोन्ही ॲप इंटरनेटवर चालतात. फोनच्या 'बॅटरी सेव्हर'मुळे ॲप झोपवले जाते व इशारा उशिरा येतो. म्हणून सेटिंगमध्ये या ॲपना बॅटरीच्या बंधनातून वगळावे. तरीही आभाळ गडगडू लागले की संदेशाची वाट पाहू नये. झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यावा.

पंप स्टार्टर : सिमकार्ड असलेल्या मोबाईल स्टार्टरमुळे रात्रीच्या फेऱ्या वाचतात. पण वर सांगितल्याप्रमाणे एसएमएस केंद्रात अडकून उशिराही पोचू शकतो. सकाळी पाठविलेली 'चालू'ची आज्ञा दुपारी पोचली आणि त्या वेळी कोणी पंप दुरुस्त करीत असेल, तर जिवावर बेतेल. दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत. केवळ फोनवरून पंप बंद केला यावर विसंबू नये. स्टार्टरमधील सिमची मुदत संपू देऊ नये.

निर्यात व कागदपत्रे : द्राक्ष, डाळिंब यांच्या निर्यातीत उर्वरित अंशाचा तपासणी अहवाल, खरेदीदाराची मागणी अशी कागदपत्रे ई-मेलने येतात. आपला स्वतःचा ई-मेल पत्ता काढावा, पासवर्ड वहीत नीट लिहून घरी ठेवावा आणि काढणीच्या हंगामात रोज सकाळ-संध्याकाळ पत्रपेटी उघडावी. नको असलेल्या पत्रांच्या 'स्पॅम' कप्प्यातही पाहावे. कामाचे पत्र तेथे जाऊन पडण्याचा संभव असतो.

प्रत्यक्ष सल्ला : संदेशातून समाधान न झाल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत विनाशुल्क विचारता येते. ही सेवा जानेवारी २००४ पासून सुरू आहे.

६) घ्यावयाची काळजी

१. नवीन सिम घेतल्यास बँक, कृषि विभाग व विद्यापीठाकडील नोंद त्वरित बदलावी. अन्यथा आपले संदेश जुन्या क्रमांकावरच जात राहतील.

२. फोनमधील जागा भरली असल्यास नवीन संदेश येण्यास अडथळा होतो. जुने संदेश व चित्रे वेळोवेळी काढावीत.

३. अनुदान किंवा विम्याच्या नावाने दहा आकडी खासगी क्रमांकावरून आलेल्या संदेशातील लिंक उघडू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

४. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना शेजारच्या शेतकऱ्याने इशारा फोन करून सांगावा. गावात पाच-दहा जणांनी असे ठरवून घेतल्यास कोणीही सुटत नाही.

थोडक्यात, एसएमएस इंटरनेटशिवाय येतो पण उशिरा येऊ शकतो. ई-मेल टिकून राहतो पण तो पाहावा लागतो. ॲपचा इशारा लवकर येतो पण त्याला इंटरनेट लागते. तिन्हींचे गुणदोष ओळखून वापर करावा आणि प्रत्येक संदेशाची तारीख, वेळ व पाठविणारा पाहूनच शेतातील निर्णय घ्यावा.