गरोदर मातेचे ताट आणि बाळाचे वावडे

घरात लेक-सून गरोदर राहिली की तिच्या ताटातले जिन्नस एकेक करून कमी होऊ लागतात. "दाणे नकोत, अंडे नको, मासळी नको, बाळाला बाधेल." आमच्याही घरी असेच झाले. भावजयीच्या ताटातून आम्ही मोठ्या काळजीने दाणे व अंडी काढून घेतली. पुढे तपासणीत तिचे रक्त कमी निघाले, वजनही पुरेसे वाढले नव्हते. तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु या विषयाचे जे वाचन केले ते बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

वावडे म्हणजेच ॲलर्जी. शरीराची संरक्षक यंत्रणा निरुपद्रवी अन्नाला शत्रू समजते. मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. क्वचित श्वास कोंडून जीवही धोक्यात येतो. आईवडिलांना दमा वा इसब असल्यास मुलात त्याचा संभव अधिक असतो.

यावर उपाय म्हणून पूर्वी तज्ज्ञही पथ्य सुचवीत. अशा कुटुंबांतील गरोदर मातांनी शेंगदाणे टाळण्याचा विचार करावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली म्हटले होते. पुरेसा पुरावा नसल्याने २००८ साली हे मत बदलले. २०१५ साली लंडनच्या डॉ. गिडियन लॅक यांनी धोका अधिक असलेल्या ६४० बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचव्या वर्षी, शेंगदाणे टाळलेल्या मुलांत शंभरी सुमारे १७ जणांना, तर तान्हेपणापासून ते खाल्लेल्यांत फक्त सुमारे ३ जणांना त्यांचे वावडे आढळले.

यातून घ्यावयाचा बोध असा :

१) आईला स्वतःला वावडे असेल तोच पदार्थ टाळावा. डाळी, दाणे, अंडी, शिजवलेली मासळी, पालेभाज्या व दूध तिला मिळालेच पाहिजे.

२) चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यावी.

३) बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. नंतर वरच्या अन्नात अंडे व दाण्याचे बारीक कूट मऊ पेजेत कालवून थोडे थोडे द्यावे. अख्खा दाणा कधीही देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

४) बाळाला तीव्र इसब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या खेपेला घरात गोड बातमी आली की प्रथम तिला पोटभर वाढू या.