कार्प गरवण्याची अल्प खर्चातील सामग्री : भाच्यास पत्र



रेडिंग येथे शिक्षण चालू असताना तेथील तलावांवर कार्प गरवण्याची ओढ लागल्याचे, आणि त्यासाठी १५० पौंडांपलीकडे खर्च करणे शक्य नसल्याचे चिरंजीव भाच्याने कळविले. सोबत दुकानातून उतरवून घेतलेली एक लांबलचक यादीही धाडली. त्या यादीतील निम्म्याहून अधिक वस्तू पहिल्या वर्षी अनावश्यक आहेत आणि दोन अत्यावश्यक वस्तू तीत मुळीच नाहीत, म्हणून सामग्रीचा विचार येथे नव्याने मांडला आहे.

महाराष्ट्रात रोहू, कटला किंवा मृगळ गळाला लागला की तो बहुधा स्वयंपाकघरात जातो. इंग्लंडमधील कार्पच्या तलावांवर मात्र पकडलेला मासा वजन करून, फार तर एखादे छायाचित्र काढून, जिवंत पाण्यात सोडावा लागतो. एकच मासा वर्षानुवर्षे अनेकांच्या गळाला लागत राहतो आणि कित्येक मोठ्या माशांना तर नियमित येणाऱ्यांनी नावेही ठेवलेली असतात. या प्रथेमुळे सामग्रीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, कारण मासा केवळ हाती येणे पुरेसे नसून तो धडधाकट हाती यावा आणि धडधाकट परत जावा, हे सामग्रीचे खरे काम ठरते. तेव्हा खर्च बेताचा असेल तर त्याचा क्रम माशाच्या बाजूने लावावा : जे माशाच्या तोंडाला किंवा अंगाला लागते ते चांगल्यापैकी घ्यावे, जे गरवणाऱ्याच्या हातात राहते ते मध्यम घ्यावे, आणि जे नुसते काठावर उभे राहून शोभा देते ते पहिल्या वर्षी घेऊच नये. दुकानांची मांडणी बरोबर याच्या उलट असते, ही गोष्ट चिरंजीवाच्या यादीवरूनही दिसते.

आरंभ गळापासून करावा. कार्पसाठी इंग्लंडमध्ये सहा ते दहा क्रमांकांचे गळ सामान्यतः वापरतात, आणि क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हा उलटा हिशोब नवशिक्याने प्रथम ध्यानात घ्यावा. अनेक तलावांवर बिनकाट्याचा गळ सक्तीचा असतो. गळाच्या टोकामागे उलट दिशेने निघालेला जो बारीक काटा मासा निसटू देत नाही, तो यात नसतो, त्यामुळे गळ काढताना ओठ फाटत नाही. दहा गळांचे पाकीट चार-पाच पौंडांना मिळते, म्हणून येथे काटकसर करण्यात अर्थ नाही. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहावे. ते नखात न रुतता घसरले, तर तो गळ टाकून द्यावा.

गळ आमिषात खुपसण्याची आपल्याकडील रीत कार्पच्या बाबतीत बहुतांशी मागे पडली आहे. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघा इंग्रजांनी १९८० च्या आसपास प्रचारात आणलेल्या ‘हेअर रिग’ या रचनेत आमिष गळावर नसून गळाच्या मागे केसासारख्या बारीक धाग्यावर ओवलेले असते. कार्प तळावरील अन्न तोंडाने ओढून घेतो, जोखतो आणि संशय आल्यास तत्काळ फुंकून बाहेर टाकतो. आमिष गळापासून सुटे असल्यामुळे ते नैसर्गिकपणे आत जाते, बाहेर फेकले जाताना मात्र उघडा गळ खालच्या ओठात अडकतो, आणि दचकून पळू पाहणाऱ्या माशाच्या ओढीला सत्तर-ऐंशी ग्रॅम शिशाचे वजन आडवे येऊन गळ पक्का बसतो. ही रचना तयार विकत घेता येते, पण गळांचे एक पाकीट आणि वेणीच्या धाग्याची गुंडी घेतली की दहा रचना स्वतःच बांधता येतात. ज्या गाठीने ती बांधतात ती एका संध्याकाळी शिकता येण्याजोगी आहे. गाठ कोणतीही असो, आवळण्यापूर्वी ती ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळे होते.

या ठिकाणी एका धोक्याची जाणीव दिली पाहिजे. पाण्याखालच्या झाडाझुडपात अडकून मुख्य दोर तुटला आणि शिसे त्याला घट्ट बांधलेले असले, तर मासा ते वजन ओढत फिरतो, कोठे तरी गुंततो आणि तेथेच मरतो. यासाठी शिसे ‘लेड क्लिप’ नावाच्या प्लास्टिकच्या छोट्या आकड्यात बसवितात आणि त्यावर रबराची टोपी हलकेच चढवितात, जेणेकरून जोर पडताच शिसे गळून पडावे. टोपी फार घट्ट दाबली की सगळी योजना फोल ठरते. या आकड्यांचे पाकीट दोनतीन पौंडांचे असते. चिरंजीवाच्या यादीत ते नाही, हे आश्चर्य आहे.

मुख्य दोर म्हणून साधे तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, घ्यावे. त्याची ताकद १२ ते १५ पौंडांची असावी, म्हणजे साधारण साडेपाच ते पावणेसात किलो वजनाला तो तुटू नये. वेणीचा दोर अधिक बळकट आणि बारीक असतो हे खरे, परंतु तो ताणला जात नाही, माशाच्या अंगाला कापतो आणि पुष्कळ तलावांवर मुख्य दोर म्हणून निषिद्ध आहे. हजार मीटरचे तंगूस दहा पौंडांच्या आत मिळते, ते रिळावर दोन-तीन वेळा भरता येते आणि ऊन व घर्षण यांनी खराब झाले की निःशंकपणे फेकून देता येते. रिळाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतके ते भरावे. कमी भरल्यास फेक आखूड पडते, अधिक भरल्यास वेटोळी आपोआप सुटून गुंता होतो.

यादीत नसलेली दुसरी वस्तू म्हणजे गळ काढण्याची गादी. कार्पच्या अंगावर बुळबुळीत थर असतो आणि रोगजंतूंपासून त्याचे रक्षण तोच थर करतो. खडीच्या काठावर तडफडणाऱ्या माशाचा तो थर आणि खवले दोन्ही खरवडले जातात. म्हणून पाण्याने भिजविलेल्या जाड गादीवरच मासा ठेवावा, हात ओले करून त्याला हाताळावे, आणि छायाचित्रासाठी उभे न राहता गादीवर गुडघे टेकून तो जमिनीलगत धरावा. मासा उचलण्याचे दांड्याचे जाळेही यासोबतच घ्यावे. त्याच्या दोन्ही बाहूंची लांबी ४२ इंच असावी असा पुष्कळ तलावांचा नियम आहे, आणि जाळी मऊ, बारीक छिद्रांची असावी. जाळे व गादी मिळून ४० पौंड लागतील. एका तलावाहून दुसऱ्या तलावावर जाताना ही दोन्ही कडक वाळवावीत, कारण कोई हर्पीस नावाचा विषाणू ओल्या जाळ्यातून पसरू शकतो आणि उन्हाळ्यात त्याने तलावच्या तलाव ओस पाडले आहेत.

आता काठीचा विचार. दुकानदार जो ‘टेस्ट कर्व्ह’ सांगतो त्याचा अर्थ इतकाच, की काठीचे टोक मुठीशी काटकोन करेपर्यंत वाकविण्यास किती पौंडांचा ताण लागतो. जुन्या गरवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : जितक्या पौंडांचा हा आकडा, साधारण तितक्या औंसांचे शिसे ती काठी सुखाने फेकते, आणि त्या आकड्याच्या पाचपट पौंडांचा दोर तिला शोभतो. तीन पौंडांच्या काठीला ८५ ग्रॅमच्या आसपासचे शिसे आणि १५ पौंडांचे तंगूस, असा तो हिशोब होतो. सध्या साडेतीन पौंडांच्या ताठ काठ्यांची चलती आहे. शंभर मीटरपलीकडे फेक करणाऱ्यास त्या उपयोगी असतील, परंतु लहान तलावावर वीस-तीस मीटरवर लागलेला मासा काठाजवळ येऊन अचानक मुसंडी मारतो तेव्हा ताठ काठी तो धक्का पचवू शकत नाही आणि गळ ओठातून निसटतो. नवशिक्याने पावणेतीन पौंडांची, १० किंवा १२ फुटांची, दोन तुकड्यांची काठी घ्यावी. वसतिगृहात राहून बस-आगगाडीने जाणाऱ्यास १० फुटांची सोयीची. तीस-पस्तीस पौंडांत कार्बनची पुरेशी चांगली काठी मिळते, आणि त्याहून चौपट महाग काठीतील फरक नवशिक्याच्या हाताला कळत नाही.

एकच काठी घ्यावी, हा या पत्रातील सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. दोन किंवा तीन काठ्या, तितकीच रिळे, मासा लागताच वाजणाऱ्या घंटा आणि तिवई असा संच स्वस्तात विकला जातो आणि पाहताना तो मोठा लाभाचा वाटतो. पण त्या पैशांत तीन सामान्य काठ्या व तीन डळमळीत रिळे पदरी पडतात, आणि एका काठीचे काम न शिकता तीन काठ्यांचा गुंता सोडविण्यात दिवस जातो.

रिळाच्या बाबतीत जाहिरातीतील बेअरिंगांची संख्या पाहू नये. दांडी फिरविताना डगमगते का, दोर रिळावर सारखा पसरतो का, आणि मुख्य म्हणजे ओढ सैल-घट्ट करणारा क्लच धक्का न देता सुटतो का, एवढे हाताने तपासावे. दोर ओढला असता तो आधी अडून मग झटक्याने सुटत असेल, तर मोठ्या माशाच्या पहिल्याच धावेत तो तुटणार. एक खटका फिरविला की दोर मोकळा धावू देणारे ‘बेटरनर’ पद्धतीचे रीळ कार्पसाठी सोयीचे, कारण आमिष घेऊन सुसाट निघालेला मासा अन्यथा काठीच पाण्यात ओढून नेतो. नवे रीळ ३५ पौंडांच्या आसपास मिळेल. जुनेही घ्यावयास हरकत नाही. रविवारी मैदानांवर भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगली रिळे आणि काठ्या मिळतात. जुनी काठी घेताना कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून पाहावा : कडीला सूक्ष्म चीर असेल तर कापसाचे तंतू तेथे अडकतात, आणि तीच चीर पुढे तंगूस कापते.

विजेची घंटा, पोलादी तिवई, तंबू, खाट, आमिष वाहून नेणारी यांत्रिक नाव, हे सारे यादीतून वगळावे. घंटेचा उपयोग रात्री झोपणाऱ्यास. दिवसा काठीशेजारी बसणाऱ्यास जमिनीत रोवायच्या दोन टेकू-काठ्या आणि दोरावर लटकणारा एक हलका लोलक पुरतो. येथे इतिहास साक्षीला आहे. रिचर्ड वॉकर याने १९५२ मध्ये हेरफर्डशायरमधील रेडमायर तलावात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोचा, कार्प पकडला तो बांबूच्या चिरफाळ्या जोडून घडविलेल्या काठीने. आणि १९८० मध्ये ख्रिस येट्स याने त्याच तलावात साडेएक्कावन्न पौंडांचा मासा काढला तोही तशाच जुन्या धाटणीच्या काठीवर, आमिष मक्याच्या दाण्यांचे. दोघांचेही पाण्याकडे पाहणे मात्र असामान्य होते.

आमिषासाठीही म्हणूनच फार खर्च नको. अंडी, रवा, मासळीची पूड यांचे उकडलेले गोळे, ज्यांना ‘बॉयली’ म्हणतात, ते उत्तम खरे, पण महाग. गोड मक्याचे डबे आणि पाव यांवर पहिला उन्हाळा सहज निघतो. उन्हात वर आलेल्या माशांना पावाची तरंगती साल पुरते, शिसेही लागत नाही. घरची कणीक मळून नेण्यास प्रत्यवाय नाही, मात्र हेअर रिगवर ती टिकत नाही, गळावरच लावावी लागते. सुका मका किंवा कडधान्ये भिजवून, पूर्ण शिजवूनच पाण्यात टाकावीत, कारण कच्चे दाणे माशाच्या पोटात फुगतात. शेंगदाण्यांसारख्या दाण्यांना तर अनेक तलावांवर बंदीच असते.

तलावाची निवडही खर्चाशी जोडलेली आहे. रेडिंगच्या आसपास खडी काढून झालेल्या खाणींत पाणी साठून बनलेले विस्तीर्ण तलाव आहेत. त्यांत मासे मोठे पण विरळ, तळाला धारदार शिंपले आणि खडीचे उंचवटे, त्यामुळे लांब फेक आणि महाग सामग्री दोन्ही ओघानेच येतात. नवशिक्याने दिवसाच्या तिकिटावर चालणारे, भरपूर मासे असलेले छोटे तळे शोधावे, आणि सामग्री घेण्यापूर्वी तेथील नियम वाचून, काठी न घेता एक फेरी मारून, मासे कोणत्या कोपऱ्यात उड्या घेतात, तळाच्या चिखलातून बुडबुडे कोठे उठतात, हे पाहून यावे.

तलाव खाजगी असला आणि त्याचे तिकीट घेतले असले, तरी इंग्लंडमध्ये वयाच्या तेराव्या वर्षापासून पर्यावरण विभागाचा काठी-परवाना प्रत्येकास लागतो. सोळा वर्षांपर्यंत तो विनामूल्य असतो, पुढे शुल्क पडते, आणि परवान्यावाचून गरवताना सापडल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परवान्याची रक्कम त्या १५० पौंडांतूनच प्रथम बाजूला काढावी, मग जाळे-गादी, मग गळ, तंगूस, आकडे, आणि उरेल त्यात काठी व रीळ बसवावे. सुधारलेली यादी, तलावाच्या नियमांसह, पैसे देण्यापूर्वी एकवार पाठवावी.