वराहांचा आहार : वाढीच्या टप्प्यांनुसार नियोजन

ग्रामीण भागात वराहपालन हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या मोकाट पद्धतीने चालत आला. डुकराने दिवसभर गावकुसाबाहेर हिंडावे, उकिरडा उकरावा, मिळेल ते खावे आणि सायंकाळी मालकाच्या दाराशी यावे, असा हा क्रम होता. त्यात मालकाचा खर्च जवळजवळ नव्हता. परंतु उघड्यावरील विष्ठेतून डुकराच्या मांसात फीतकृमीची गाठ येते व ते मांस कच्चे राहिल्यास कृमी माणसाकडे येतो, शेतातील पिकांची नासाडी होते, गावात तंटे होतात. यामुळे अनेक ग्रामपंचायती डुकरे बंदिस्त ठेवण्याचा आग्रह धरतात, आणि तो आग्रह योग्यच आहे. मात्र जनावर ज्या दिवशी बंदिस्त होते त्या दिवसापासून ते स्वतः शोधून मिळवीत असलेली प्रत्येक वस्तू, प्रथिने, क्षार, इतकेच काय मातीतील लोहसुद्धा, मालकाला पुरवावी लागते. ठराव करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विचारात घेतली नाही, तर ज्याची सारी पुंजी दोन माद्यांत आहे असा पालक वर्षभरात उठतो.

वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी सर्वसाधारणपणे ६५ ते ७५ टक्के खर्च खाद्यावर होतो. म्हणून आहाराचे नियोजन म्हणजेच व्यवसायाचे नियोजन होय.

एकाच पोटाचे जनावर

गाय-म्हैस कडबा पचवू शकते, कारण तिच्या कोठीपोटातील सूक्ष्म जंतू तंतुमय पदार्थांचे विघटन करतात. डुकराचे पोट माणसाप्रमाणे एककप्पी असते. त्यामुळे भुसकट व जाडाभरडा चारा त्याच्या उपयोगाचा नाही. लहान पिलांच्या खाद्यात तंतुमय घटक ५ टक्क्यांहून अधिक नसावेत. मोठ्या जनावरांत थोडे अधिक चालतात. गाभण माद्यांना लसूणघास किंवा रताळ्याचे वेल दिल्यास त्या आवडीने खातात व खुराकाची काही बचत होते. मात्र वाढत्या पिलांना केवळ हिरव्या चाऱ्यावर ठेवणे म्हणजे त्यांची वाढ खुंटविणे होय.

दुसरी बाब प्रथिनांच्या प्रतीची. मका व ज्वारी यांत लायसीन नावाचे अमिनो आम्ल फार कमी असते. भुईमूग पेंडीत प्रथिने भरपूर असली तरी लायसीन पुरेसे नसते. सोयाबीन पेंडीत ते चांगले असते, म्हणून मका व सोयाबीन पेंड ही जोडी वराहांना विशेष मानवते. कच्चे सोयाबीन मात्र देऊ नये. त्यातील एक घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा करतो व तो उष्णतेनेच नष्ट होतो.

जन्मापासून दूध तुटेपर्यंत

सर्वाधिक हानी याच काळात होते. जन्मतः पिलाचे वजन सुमारे १ ते दीड किलो असते. पहिल्या चोवीस तासांत चीक पोटात गेला नाही तर त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये नंतर शोषली जात नाहीत. म्हणून दुबळी पिले हाताने सडाला लावावीत. पुढच्या सडांना दूध अधिक असते, तेथे त्यांना जागा मिळवून द्यावी.

पिलाला दररोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. मोकळे पिलू उरलेले लोह मातीत तोंड घालून मिळविते, फरशीवरचे पिलू कोठून मिळविणार? ते पांढुरके पडते, धापा टाकते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दगावते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जन्मानंतर दोन ते चार दिवसांत लोहाचे इंजेक्शन दिल्यास हे टळते.

मादीचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठते व नंतर उतरते. पिलांची भूक मात्र वाढतच जाते. ही तफावत भरून काढण्यासाठी दोन आठवड्यांच्या वयापासून पिलांना निराळा पूरक खुराक ठेवावा. आईला आत शिरता येणार नाही, पण पिलांना जाता येईल अशा आडोशात तो थोडा थोडा, ताजा ठेवावा. यात २० ते २२ टक्के प्रथिने असावीत व त्यांपैकी काही भाग दुधाची भुकटी किंवा मासळीचा कुटा यांतून यावा. कोकणात सुकी मासळी सहज मिळते, परंतु तीत मीठ फार असते. पाणी कमी पडले की अशा खाद्याने डुकरांना मिठाची विषबाधा होते. आपल्याकडे बहुधा आठ आठवड्यांनी दूध तोडतात. काळजी चांगली असल्यास सहा आठवड्यांनीही तोडता येते. त्या दिवशी जागा, सोबत व खाद्य ही तिन्ही एकदम बदलू नयेत. आई हलवावी, पिले तेथेच राहू द्यावीत व पूर्वीचाच खुराक आणखी आठवडाभर चालू ठेवावा.

वाढीचा व पुष्टीचा काळ

दूध तुटल्यापासून सुमारे ५० किलो वजनापर्यंत मांस व हाडे वेगाने वाढतात. या काळात १८ टक्के प्रथिनांचा खुराक द्यावा. वीस किलोच्या पिलास दिवसाला सुमारे १ किलो, चाळीस किलोच्या जनावरास २ किलोपर्यंत खाद्य लागते. त्यानंतर, विक्रीच्या वजनापर्यंत, १६ टक्के प्रथिने पुरतात व रोजचे खाद्य अडीच ते ३ किलोवर जाते. मोठ्या वयात शरीर मांसापेक्षा चरबी अधिक साठविते. तेव्हा लागणीपेक्षा अधिक दिलेली प्रथिने लघवीवाटे निघून जातात, आणि पेंड हा खुराकातील महाग घटक असल्याने त्यासोबत पैसाही जातो. सर्व वयांच्या डुकरांना एकाच पोत्यातील खाद्य घालण्याची सवय सोयीची असली तरी ती लहानांना उपाशी ठेवते आणि मोठ्यांवर उधळपट्टी करते.

खुराकाचे गणित

हे गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. शिक्षकांनी ते वर्गात अवश्य करून पाहावे. यास पिअर्सनचा चौकोन म्हणतात. मक्यात ९ टक्के व सोयाबीन पेंडीत ४५ टक्के प्रथिने आहेत असे धरू. आपल्याला १८ टक्के हवी आहेत. १८ वजा ९ म्हणजे ९ भाग पेंड. ४५ वजा १८ म्हणजे २७ भाग मका. एकूण ३६ भाग. म्हणजेच १०० किलोत ७५ किलो मका व २५ किलो पेंड.

परंतु खुराकात क्षार मिश्रण २ किलो व मीठ अर्धा किलो घालावयाचे असते, आणि त्यांत प्रथिने नसतात. म्हणून पेंड किंचित वाढवून मका ७२, पेंड साडेपंचवीस, क्षार मिश्रण २ व मीठ अर्धा किलो असे प्रमाण ठेवावे. त्यातून मक्याची ६.४८ व पेंडीची ११.४७ अशी सुमारे १८ टक्के प्रथिने मिळतात. मोठ्या जनावरांसाठी मका साडेसत्त्याहत्तर व पेंड २० किलो केली की सुमारे १६ टक्के होतात. प्रत्येक शंभर किलोमागे साडेपाच किलो पेंड वाचते.

जेथे भात गिरण्या आहेत तेथे मका साडेएक्कावन्न, भाताचे पॉलिश १२, गव्हाचा कोंडा १०, भुईमूग पेंड १०, सोयाबीन पेंड १४, क्षार मिश्रण २ व मीठ अर्धा किलो असा खुराक वाढत्या जनावरांसाठी बसतो. पॉलिश ताजेच घ्यावे, ते लवकर खवट होते. पावसाळ्यात भुईमूग पेंडीवर व मक्यावर बुरशी धरते. तिचे विष लहान पिलांच्या यकृतास घातक असते. बुरशी लागलेले खाद्य वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण वाळविल्याने विष जात नाही.

गाभण व दुभती मादी

गर्भकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवस असा लक्षात ठेवतात. गाभण मादीस रोज २ ते अडीच किलो पुरते, शेवटच्या महिन्यात ३ किलोपर्यंत वाढवावे. मादी फार लठ्ठ झाली तर विताना त्रास होतो व पिले अंगाखाली चिरडतात. विण्याच्या दिवशी खाद्य अगदी कमी करून नंतर हळूहळू वाढवावे. दुभत्या मादीस अंगभूत गरजेसाठी २ किलो व प्रत्येक पिलामागे पाव ते अर्धा किलो, असा हिशेब धरावा. तिला दिवसाला १५ ते २० लिटर पाणी लागते; पाण्याअभावी दूध आटते, त्याचा दोष पुष्कळदा खुराकाला दिला जातो.

खरकटे अन्न आणि त्यातील धोका

शहरांजवळचे पालक हॉटेलांतील खरकट्यावर डुकरे पोसतात. खर्च कमी होतो हे खरे, पण भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकी वराह ज्वराची नोंद झाल्यापासून या पद्धतीकडे काळजीपूर्वक पाहणे भाग आहे. या रोगावर उपचार नाही आणि त्याचे विषाणू डुकराच्या मांसात दीर्घकाळ टिकतात. खरकटे देणे अपरिहार्यच असेल तर ते ९० अंश सेल्सिअस उष्णतेवर किमान एक तास, सतत ढवळीत शिजवावे. वराहमांसाचे अवशेष असलेले अन्न मुळीच देऊ नये. उकळलेले व न उकळलेले यांची भांडी वेगळी ठेवणे यातच अर्धी सुरक्षितता आहे. शिवाय खरकट्यात प्रथिने कमी व पाणी अधिक असते, त्यामुळे पेंड व क्षार मिश्रण द्यावेच लागते.

प्रकल्प मंजूर करताना

स्वयंसहायता गटाचा वा व्यक्तीचा प्रस्ताव तपासताना गोठा व जनावरे यांच्या किमती बारकाईने पाहिल्या जातात, खाद्याची रक्कम मात्र बहुधा एका ओळीत उरकली जाते. हिशेब असा मांडावा. एक मादी एका वितात गाभणपणी सुमारे अडीचशे व दूध पाजताना सुमारे अडीचशे, असे ५०० किलो खाद्य खाते. पिलाचे वजन १५ वरून ९० किलोवर नेण्यास, प्रत्येक किलो वाढीस साडेतीन किलो धरल्यास, सुमारे २६० किलो लागते. आठ पिलांचे हे दोन टनांहून अधिक होते, आणि शेवटच्या काळात एका महिन्यातच साडेसहाशे किलोच्या आसपास. विक्रीचा पैसा हाती येण्यापूर्वीच हा खर्च उभा करावा लागतो. ज्या कुटुंबाजवळ इतके खेळते भांडवल नाही त्याने पिले दूध तुटल्यावर विकावीत. त्यात नफा थोडा, पण अर्धपोटी वाढविलेल्या डुकरांपेक्षा खचित अधिक. म्हणून कर्जाची मागणी करताना किमान तीन महिन्यांच्या खाद्याची रक्कम प्रकल्प खर्चात स्वतंत्रपणे दाखवावी, आणि प्रस्तावास पहिल्या वर्षाचा महिनावार खाद्य तक्ता जोडावा.