राक्षसाचा भाऊ

सारा रीस ब्रेनन या आयरिश लेखिकेची ‘द डीमन्स लेक्सिकन’ ही कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली, आजच्या शहरांत घडणारी अद्भुतकथा असे तिचे वर्गीकरण केले जाते. आणि असा शिक्का बसला की अभ्यासक तिकडे फिरकत नाहीत. तरीही तिने उभा केलेला बंधुनिष्ठेचा प्रश्न मला गंभीर वाटतो.

अडचण नावापासूनच सुरू होते. ‘डीमन’ला मराठीत काय म्हणावे? ‘राक्षस’ हा शब्द चटकन सुचतो. पण आपला राक्षस देहधारी. त्याला आईबाप असतात, भावंडे असतात, राज्य असते, तपश्चर्याही असते! ब्रेननबाईंचा डीमन देहहीन आहे. या जगात यायचे तर त्याला माणसाचे शरीर बळकावावे लागते. म्हणजे ‘झपाटणे’, ‘धरणे’ हे आपले शब्द त्याला अधिक लागू पडतात. जादूगार डीमनांना वर्तुळात आवाहन करतात, त्यांच्याकडून शक्ती घेतात आणि मोबदल्यात माणसे देतात. अंगावर खूण उमटली की तो माणूस सावज ठरला.

निक आणि अ‍ॅलन हे दोघे भाऊ या जादूगारांपासून इंग्लंडभर पळत असतात. वडील गेलेले, आई वेडसर, आणि तिने एक ताईत चोरलेला. थोरला अ‍ॅलन एका पायाने अधू, वाचनाचा नादी, गोडबोल्या. पुस्तकांच्या दुकानात नोकरी करतो आणि पिस्तूलही उत्तम चालवतो. सोळा वर्षांचा निक तलवारबाज व तुसडा. त्याला वाचताना अक्षरे दगा देतात, इतरांच्या भावना कळत नाहीत. अ‍ॅलनला काही होता कामा नये, एवढेच त्याला पक्के ठाऊक आहे.

पुढचे रहस्य सांगितल्याशिवाय चर्चा करता येत नाही. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. निकच डीमन आहे. ब्लॅक आर्थर या जादूगाराने त्याला एका अर्भकाच्या देहात घातलेले असते. दोघांत रक्ताचे नाते मुळीच नाही. अ‍ॅलनला हे सारे लहानपणापासून ठाऊक असते, आणि तरी तो त्याला भाऊ म्हणून वाढवतो, शब्द शिकवतो, आणि सतत खोटे बोलतो. शेवटी तर तो त्याला बंधनातून मोकळा करतो.

येथे लंकेची आठवण अटळ आहे. बिभीषणाने अधर्मी भावाला सोडले. धर्म राखला, पण ‘घरभेदी’ हे नाव पदरी घेतले. कुंभकर्णाने रावणाला आधी त्याची चूक खडसावून सांगितली आणि मग त्याच्याचसाठी तो रणात पडला. दोघांचीही निवड उघड्या दरबारातली होती. अ‍ॅलनने मात्र आपली निवड कोणालाच सांगितली नाही, ज्याच्यासाठी केली त्यालाही नाही. मला या तिघांत कुंभकर्णच अधिक सरळ वाटतो. अ‍ॅलनचे प्रेम खरे असेल, पण एका भावासाठी त्याने अनोळखी माणसांचा जीव पणाला लावला, आणि त्यांना विचारले नाही. लेखिकेनेही त्याला सहज सोडलेले नाही. २०१० च्या दुसऱ्या भागात त्या सुटकेचे ओझे त्याच्यावरच येते.

मात्र त्याला दोषी ठरवताना माझी लेखणी अडखळते ती ‘शब्द शिकवतो’ या गोष्टीपाशी. या कथेत डीमनाने बळकावलेली शरीरे मुकी असतात. निक बोलतो, तो केवळ अ‍ॅलनने त्याला बोलते केले म्हणून. कादंबरीच्या नावातला शब्दकोश हाच, असे मी समजतो. बिभीषणाने रावणाला उपदेश केला तेव्हा रावणाला भाषा येत होती, वेदही येत होते. उपयोग झाला नाही.

भावंडांची दुसरी जोडी मे आणि जेमी यांची. तिच्याविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. अंगावर खूण उमटलेल्या भावासाठी बहीण कोणत्याही थराला जायला तयार होते, इतकेच. २०११ च्या तिसऱ्या भागातली सिन अधिक लक्षात राहते. ती डीमनांना नाचून बोलावणाऱ्या बाजारात वाढलेली, जादूगारांचा द्वेष करणारी, आणि आपल्या धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी. तिच्या धाकट्या बहिणीतच जादू आहे, हे तिला कळते. बाजाराला कळले तर ते त्या मुलीला शत्रू मानतील. सिन गप्प राहते.